तणसाखालची घूस

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कोंबड्या, खुराडं, घुशी, मुंगूस यांच्याबद्दल मी कुणाशीही तासभर बोलत बसतो; गावात माझी तीच ओळख झाली आहे. पण बोलता बोलता एका जागेपाशी आलो की मी विषय बदलतो. ऐकणाऱ्याला ते कळत नाही. माझ्या बायकोला कळतं, आणि ती उठून आत जाते.

मागच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोराने लिहिलं की नाटकाच्या मंडपात त्याची नवी चप्पल हरवली. खाली लगेच कुणाचं तरी उत्तर आलं, "कोहमाऱ्याले गेली असन." त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. आमच्या गावात एखादी वस्तू दिसेनाशी झाली की असंच म्हणतात. आमचं गाव कामठ्याच्या बाजूला, कोहमारा तिकडे लांब, सडक अर्जुनी तालुक्यात, हायवेवर. हरवलेल्या चपलेचा आणि कोहमाऱ्याचा काय संबंध, हे त्या पोराला ठाऊक नसणार. नव्या सुनाही हे सहज बोलतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. हे बोलणं कुठून आलं ते सांगू शकतील अशी माणसं आता थोडी उरली आहेत. पहिल्यांदा ते ज्याच्या तोंडून निघालं तो मी. म्हणून लिहून ठेवतो.

माझी कामाची वर्षं गोंदियात राईस मिलमध्ये गेली. हमाल म्हणून लागलो आणि मुकादम होऊन बाहेर पडलो. जिथे धान तिथे उंदीर, त्यामुळे उंदरांशी माझा रोजचा व्यवहार. कोणत्या थप्पीला लागले, कुठून शिरले, पोतं कुठल्या बाजूने कुरतडलं, हे मी लेंड्या आणि भुसा बघून सांगायचो. शेठ दुसऱ्या मिलवाल्यांना अभिमानाने सांगत, "चूहे का मामला हो तो हमारे मुकादम को ले जाओ." हे ऐकून ऐकून माणसाला वाटायला लागतं की या विषयातलं आपल्याला सगळं कळतं. गावी परत आलो तो हा तोरा घेऊनच आलो.

गावात आमचं घर आणि थोरल्या भावाचं घर भिंतीला भिंत लागून. मागच्या सांदवाड्यांमध्ये, म्हणजे परसात, एक कमरेएवढी मातीची भिंत. भाऊ लवकर गेला. वहिनी एकट्या राहायच्या. एकच मुलगी, ती कोहमाऱ्याजवळ दिलेली. वहिनींचा हात कोंबड्यांना फार चांगला. खुडूक झालेली कोंबडी, अंडी घेऊन बसायला अधीर झालेली, त्यांच्याकडे नेऊन दिली की ती निमूट बसायची आणि जवळपास सगळी अंडी फुटून पिलं बाहेर यायची. म्हणून गल्लीतल्या बायका त्यांना अर्धेलीवर कोंबड्या देत. कोंबडी आपली, अंडी आपली; मेहनत आणि दाणा वहिनींचा; पिलं आईपासून सुटी झाली की अर्धी-अर्धी. चार-पाच घरच्या कोंबड्या एका सांदवाडीत असायच्या, तेव्हा ओळख राहावी म्हणून प्रत्येक घराचा वेगळ्या रंगाचा धागा पिलांच्या पायात सैल बांधलेला असे. आमचा निळा. बायकोने जुना स्वेटर उसवून ती लोकर दिली होती.

या अर्धेलीचा एक रिवाज आहे. पिलू मेलं, घारीने नेलं, मुंगसाने धरलं, तर नुकसान दोघांचं. मात्र सांभाळणाऱ्याने पीस दाखवायचं. पीस, पाय, काहीतरी. घारीने नेलं तरी दोन पिसं पडतातच. पीस दाखवलं की कोणी पुढे विचारत नाही. पीस नसेल तर ते पिलू सांभाळणाऱ्याच्या वाट्यातून जातं, आणि त्यासोबत थोडा विश्वासही जातो. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

मी गावी आलो त्या वर्षी आमची ठिपक्यांची कोंबडी खुडूक झाली. बायकोने ती वहिनींकडे दिली. पिलं छान निघाली. मी भिंतीवरून बघायचो, निळ्या धाग्यांचा तो घोळका वहिनींच्या मागे मागे फिरायचा. मग तो कमी व्हायला लागला. एकदा दोन कमी दिसली, मग आणखी. वहिनी म्हणाल्या, घूस नेते. खुराड्याच्या मागे एक भोक दाखवलं. वर असंही म्हणाल्या की ती तुमच्याकडून येते, तुमच्या तणसाखालून.

मला ते लागलं. आमच्या बाजूला भिंतीला लागून धानाच्या तणसाची, म्हणजे पेंढ्याची, गंजी होती आणि शेजारी कोंड्याची पोती. ज्या माणसाला मिलवाले न्यायला येतात त्याच्या घरात घूस? मी भोक बघितलं. आजूबाजूला बघितलं. पीस नाही, रक्त नाही, ओढत नेल्याची खूण नाही. मिलमध्ये उंदराने पारव्याचं पिलू खाल्लं तर पंख आणि डोकं तिथेच सोडलेलं असायचं. मी त्यावरून ठरवून टाकलं की हे उंदराचं काम नाही. घूस पिलू जागेवर खात नाही, भोकाशी नेते, आत ओढते आणि आतच खाते, हे मला माहीत नव्हतं. मला ते माहीत नाही, हेही मला माहीत नव्हतं.

त्याच दिवसांत वहिनींची मुलगी माहेरी येऊन गेली होती. जाताना डोक्यावर झाकलेला टोपला होता. त्यात काय होतं ते मी पाहिलेलं नाही.

वाटणीच्या दिवशी रिवाजाप्रमाणे शेजारच्या बायका साक्षीला आल्या. त्यांच्याही कोंबड्या वहिनींकडे होत्याच. वहिनींनी डालगं उचललं. खाली मोजून चार पिलं. कोणीतरी विचारलं, बाकीची? वहिनी म्हणाल्या, घुशीनं नेली. पीस? पीस नाही. त्यांनी पुन्हा त्या भोकाकडे आणि मग भिंतीकडे बोट केलं. सगळ्या बायकांनी भिंतीपलीकडे, माझ्या तणसाकडे बघितलं. तेव्हा मी म्हणालो,

"वयनी, तुमची घूस मोठी हुशार आहे. टोपल्यात बसून कोहमाऱ्याले जाते."

बायका हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. वहिनी हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "काऊन असं बोलून राहिले, भाऊजी?" मग त्यांनी चारही पिलं आमच्या बायकोच्या ओटीत घातली. आपला वाटा घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात एकेका घरची कोंबडी परत गेली. भांडण कोणीच केलं नाही. कोणी म्हटलं पाहुणे येणार आहेत, कोणी म्हटलं आता आमच्याचकडे खुराडं केलंय. वहिनींची सांदवाडी रिकामी झाली. माझं वाक्य मात्र गावभर झालं. बोरिंगवर घडा दिसला नाही तर कोहमाऱ्याले गेला. पोराची पेन्सिल कोहमाऱ्याले गेली. वहिनींची मुलगी पुढच्या खेपेला आली तेव्हा कोणीतरी तिच्यासमोरच बोललं. त्या दिवसापासून तिने माहेरून काही नेणं सोडलं. वांगं नाही, लाखोळीची डाळ नाही, आईने केलेले अनारसेसुद्धा नाहीत. येताना हातात पिशवी, जाताना तीच पिशवी घडी करून काखेत. वहिनी तिला दारापर्यंत सोडायला जायच्या आणि रिकाम्या हाताने परत यायच्या. भिंत कमरेएवढीच असल्यामुळे मला हे सगळं दिसायचं.

दोन-तीन वर्षांनी मी स्वतः कोंबड्या ठेवायला लागलो. मिल सुटल्यावर हाताला काम हवं होतं. तणसाची गंजी थोडी सरकवली आणि त्या जागी विटांचं खुराडं बांधलं. पहिला हंगाम फार सुखाचा गेला. सकाळी दार उघडलं की कोंबड्या पायऱ्या उतरल्यासारख्या एकामागे एक यायच्या. कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, टाकली की सगळ्या धावत. एक कोंबडा असा होता की दाणा दिसला तरी आधी स्वतः खायचा नाही, कोंबड्यांना हाक मारायचा. बायको म्हणायची, याच्याकडून काही शिका.

मग पिलं नाहीशी व्हायला लागली. पीस नाही, रक्त नाही.

मी ठरवलं, या वेळी नीट बघायचं. रोज संध्याकाळी खुराड्याभोवती चुलीची राख पसरायची आणि सकाळी त्यावरचे पाय बघायचे. राखेने मला बरंच शिकवलं. घरात फिरणारा उंदीर जमीन खणत नाही, तो वरून, छपरावरच्या कवेलूंमधून येतो. राखेवर त्याची पावलं भिंतीपाशी अचानक सुरू होतात. चिचुंदरीचं भोक अंगठ्याएवढं, आणि ती येऊन गेली की वासच सांगतो. शेतातल्या उंदराची भोकं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, असतात तशी, लहान लहान, तीन-चार जवळजवळ. मुंगूस दिवसा येतं, मान धरतं आणि पसारा करून जातं. त्याच्याबाबतीत पीस शोधावं लागत नाही. सापाच्या भोकाला ताजी माती नसते, कारण तो खणत नाही, दुसऱ्याच्या घरात राहतो. आणि घूस? तिचं भोक नारळ आत जाईल एवढं, आणि तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग, कोणी घमेलं उपडं केल्यासारखा. राखेवर तिचं पाऊल लहान मुलाच्या तळव्याची आठवण करून देतं, आणि मागे शेपटीची रेघ असते.

माझ्या राखेवर ती रेघ होती. ती खुराड्याच्या कोपऱ्यापासून तणसाच्या गंजीखाली जात होती.

भोकं बरीच होती. कोणती वापरातली हे कळायला मी संध्याकाळी प्रत्येकात गवताची गुंडाळी कोंबायचो. जे भोक सकाळी उघडं दिसेल ते चालू. दोन चालू होती. आधी पाणी ओतलं. अख्खी टाकी गेली, पाणी कुठे गेलं कळलं नाही. औषध घालायचा विचार आला, पण औषध खाऊन मेलेली घूस कोंबडीने टोचली तर कोंबडीही जाणार, म्हणून तो सोडला. शेवटी मिलमध्ये करायचो तो उपाय काढला. मडक्यात तूस आणि सुक्या मिरच्या पेटवल्या, मडकं भोकावर उपडं घातलं, बाजूने ओली माती लिंपली आणि मडक्याच्या बुडाला पाडलेल्या छिद्रातून फुंकणीने फुंकत बसलो. दुपारची वेळ होती. बायको काठी घेऊन दुसऱ्या भोकाशी उभी होती.

दुसऱ्या भोकातून काही निघालं नाही. भिंतीपलीकडून वहिनींचा खोकला ऐकू आला.

त्या पदर नाकाला लावून भिंतीपाशी आल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भाऊजी, माह्या घरी कोनाले धुनी देऊन राहिले? भूत लागलं का मले?"

मी भिंतीवरून डोकावलो. त्यांच्या जुन्या, रिकाम्या खुराड्यामागे जमिनीतून मिरच्यांचा धूर येत होता. त्यांनी मला दाखवलेल्या त्याच भोकातून. तेव्हापासून कोणी तिकडे लक्ष दिलं नव्हतं, त्यावर गवत वाढलं होतं, आणि त्या गवतातून धूर सरळ वर चढत होता.

मी फुंकणी खाली ठेवली. म्हणालो, घूस काढून राहिलो. त्यांनी धुराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "निघाली का?" मी म्हणालो, नाही. त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी गंजी पूर्ण हलवली आणि सब्बल घेऊन खणायला बसलो. बायको माती ओढत होती. बोगदा गंजीखालून सुरू होऊन एका अंगाने भिंतीखाली गेला होता. मध्ये एक खोलगट जागा लागली, घुशीचं घरटं. त्यात तणसाचे तुकडे, प्लास्टिकच्या पन्न्या, कापडाच्या चिंध्या, अंड्यांची टरफलं. खालच्या थरात पिलांचे वाळलेले पाय होते. काडीसारखे बारीक. काहींना निळी लोकर अजून गुंडाळलेली होती.

बायकोने एक पाय उचलला आणि धागा बोटाने चाचपला. स्वेटर तिने स्वतः विणलेला, तिला ओळखायला वेळ लागला नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अवो, जाऊन सांगा त्याईले."

मी म्हणालो, सांगतो. मंडई होऊन जाऊ दे.

मंडई झाली. मग धान कापणी आली, मग चुरणी, म्हणजे मळणी. मग वहिनींना ताप आला, आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा? मग त्या बऱ्या झाल्या, हसतमुख दिसल्या, त्यांचा चांगला दिवस कशाला खराब करायचा? कारण शोधणाऱ्याला कारणं मिळत जातात. पण खरं कारण एवढंच होतं की मला ते चार माणसांत सांगावं लागलं असतं. वाक्य मी चार माणसांत बोललो होतो, ते भिंतीआड हळूच मागे घेता येण्यासारखं नव्हतं. आणि गाव मला घुशींचा जाणकार म्हणत होतं.

मी हाताने जे करता येईल ते करायचं ठरवलं. एका सकाळी वहिनींना म्हणालो, तुमचं खुराडं नवीन करून देतो.

"कायले?"

"घुशी आहेत या भागात."

"आहेत का?" त्या म्हणाल्या. "बरं झालं सांगितलं."

एवढंच. आवाजात टोमणा होता की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांनी मला चहा दिला आणि जुन्या खुराड्यातली भांडीकुंडी हलवायला लागल्या.

ते खुराडं मी मन लावून केलं. सागाच्या चार पायांवर गुडघाभर उंच, म्हणजे खाली उजेड राहील. घुशीला उघड्यावर खणायला आवडत नाही, तिला आडोसा लागतो. भोवती हातभर खोल चर खणला. त्यात बारीक डोळ्यांची लोखंडी जाळी उभी घातली आणि तळाशी ती बाहेरच्या बाजूला वीतभर वळवली. घूस भिंतीलगत खणत खाली येते, जाळी लागली की आणखी खाली जाते, आणि मग त्या वळलेल्या जाळीवर अडते. मागे सरकून दुरून खणावं हे तिला सुचत नाही. चर फुटक्या कवेलूंनी आणि गिट्टीने भरला. जुन्या भोकांत बोरीच्या काट्या ठेचून घातल्या आणि वर माती ठोकून बसवली. कोंडा आणि कनकी माझ्याकडची आणि त्यांच्याकडची, दोन्ही, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गेली. खाली सांडलेला दाणा दिवस मावळायच्या आत झाडून घ्यायचा, हे मी त्यांना सांगितलं, आणि स्वतःलाही. तणसाची गंजी मी घरापासून लांब, शेताच्या वाटेवर नेली. गावाने विचारलं, एवढ्या लांब काऊन? मी म्हणालो, विस्तवाची भीती.

खुराडं झाल्यावर मी आमची सगळ्यात चांगली कोंबडी वहिनींना अर्धेलीवर दिली. बोरिंगवर चार बायका असताना, त्यांना दिसेल अशी नेली. काही महिन्यांत दुसऱ्या एका घरची आली, मग आणखी एक. पूर्वीएवढ्या नाही, पण वहिनींची सांदवाडी पुन्हा गजबजली. लाल, पिवळे, निळे धागे पुन्हा दिसायला लागले.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली, हे मला सांगितलंच पाहिजे. अपराधी माणसाचे दिवसही चांगले जातात, त्याला इलाज नाही. सकाळी मी माझं खुराडं उघडायचो, त्या त्यांचं. मग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बोलणं चालायचं. कोणती कोंबडी बसली, कोणत्या कोंबड्याने कोणाला मारलं, कोणतं अंडं पोचट निघालं. पावसाळ्यात पाणी बिळांत शिरलं की घुशी उंचावर सरकतात, तेव्हा आम्ही दोघं भिंतीचा कानाकोपरा तपासायचो. ताजी माती दिसली की त्या हाक मारायच्या, "भाऊजी, तुमची पाहुनी आली." मी काठी घेऊन धावायचो. मी गवताची गुंडाळी कोंबायचो आणि त्या दुसऱ्या दिवशी मला निकाल सांगायच्या. एकदा घूस समजून मी भोकात काठी घातली आणि आतून बेडूक बाहेर आला, तेव्हा त्या इतक्या हसल्या की भिंतीला धरून खाली बसल्या. माझ्या मिलच्या नोकरीत असं हसणारं माणूस माझ्यासोबत कधी नव्हतं.

पण मुलगी येताना पिशवी आणायची आणि ती घडी करून न्यायची. ते काही बदललं नाही. गाव कोंबड्या द्यायला लागलं, पण बोलणं गावाच्या तोंडी राहिलं. लोक गंमत म्हणून बोलत, आणि तिला ते प्रत्येक वेळी ऐकू जायचं.

मागच्या वर्षी धान पिवळं पडायला लागलं तेव्हा वहिनी खाटेला लागल्या. मुलगी येऊन राहिली. एका दुपारी वहिनींनी मला बोलावून घेतलं. खाट अंगणात टाकलेली होती, कोंबड्या खाटेखाली माती उकरत होत्या. मुलगी जवळ तांदूळ निवडत बसली होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माह्या पोरीले एक तलंग देता का? तुमच्या हातानं द्या. माह्या हातून घेत नाही ते."

मुलगी मान खाली घालून म्हणाली, "आई, राहू दे ना."

"तिकडं तिचं खुराडं रिकामंच आहे," वहिनी मला म्हणाल्या. "इथली कोंबडी तिच्या घरी असावी असं वाटते. बाकी काही नाही."

मी भिंत ओलांडून माझ्या खुराड्याकडे गेलो. ठिपक्यांची एक तलंग होती, नुकती अंड्यावर येणारी. तिचे पाय बांधले, आणून मुलीच्या हातात दिली. तिने ती घेतली. माझ्याकडून आलेली होती, म्हणून घेता आली. "काकाजी, चांगली आहे," ती म्हणाली, आणि तिने तलंगीच्या पाठीवरून हात फिरवला. वहिनी खाटेवरून बघत होत्या. त्यांचा चेहरा इतका निवळला होता की मला तिकडे बघवेना.

शेजारच्या दोन बायका विचारपूस करायला आल्या होत्या, त्या दारात उभ्या होत्या. म्हणजे माणसंही होती. आई होती, मुलगी होती, साक्षीला गल्ली होती. यापेक्षा चांगली वेळ मला कोणी आणून दिली नसती. घसा साफ केला. मुलीने वर बघितलं.

मी तिला जाळी कशी पुरायची ते सांगायला लागलो. हातभर खोल, खाली वीतभर बाहेर वळवायची, बारीक डोळ्यांचीच घ्यायची. ती मन लावून ऐकत होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजीले विचारत जा, त्याईले सगळं मालूम आहे."

कापणी सुरू झाली त्या आठवड्यात वहिनी गेल्या. मुलगी तलंग घेऊन कोहमाऱ्याला गेली. तिचं सगळं बरं चाललं आहे, फोन येतो. खुराड्याच्या शंका विचारते आणि मी उत्तरं देतो. वहिनींच्या कोंबड्या आता माझ्याकडेच आहेत, भिंतीतून मी जाण्यायेण्याला वाट पाडली आहे. सकाळी दोन्ही खुराडी मीच उघडतो.

मुलगी हे वाचेल. गावातही वाचलं जाईल, ग्रुपवर टाकायला मी सांगणार आहे. तुम्ही ते वाक्य पुढेही बोलाल, जिभेवर बसलेलं जात नाही, पण कोणाच्या जिवावर बोलता हे माहीत असू द्या. वहिनींनी कोणाचं एक पिलू कधी घेतलं नाही, आणि मुलीने ते कधी नेलं नाही. पिलं माझ्या तणसाखाली होती.

आणि त्या दुपारी, अंगणात, त्या दोघींसमोर आणि दारातल्या बायकांसमोर मला जे म्हणायचं होतं ते हे. वयनी, तुमी खरं सांगितलं होतं. घूस माह्या घरची होती. मी चार लोकांत तुमाले आन तुमच्या पोरीले चोर केलं. मले माफ करा.